ओट्यामागचा पत्रा

गल्लीत तिला सगळे हॅलोताई म्हणायचे. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून गेलेलं, त्यामुळे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दाराची बेल वाजली की ती आतूनच "हॅलो!" म्हणून ओरडायची. पहिल्यांदा ज्याने हे ऐकलं त्याने तिथल्या तिथे नाव पाडून टाकलं. ताईला त्याचं वाईट वाटायचं नाही. नाव पाडायला तरी माणसाची आठवण काढावी लागते, असं ती म्हणायची.

पण बेल वाजायचीच कमी. दूधवाला पिशवी कडीला अडकवून परस्पर निघून जायचा. पेपरवाला सायकलवरूनच पेपर भिरकावायचा. भाऊ दूर देशी संसार थाटून बसलेला, त्याचा फोन आला तरी अर्धा वेळ "ऐकू येतंय का?" यातच जायचा. ताईने लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, बाबांकडे बघायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे ताईच, हे घरात न बोलता ठरून गेलं. आता बाबा जाऊनही बराच काळ लोटला होता.

बाबा एका इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचे. हाताला कसब होतं आणि घरातल्या कामाला परका माणूस लावणं त्यांच्या जिवावर यायचं. गरम पाण्याची सगळी व्यवस्था त्यांनी स्वतः केलेली. मागच्या खोलीत टाकी, तिथून घरातल्याच बोळातून न्हाणीघरापर्यंत नळ्या, आणि वाटेत पाणी निवू नये म्हणून नळ्यांवर पांढऱ्या लेपाचं जाडजूड वेष्टण. बॉयलरच्या नळ्यांवर घालतात तेच. अलीकडे त्याला भेगा पडल्या होत्या आणि खाली भुगा सांडायचा. ताई रोज सकाळी तो झाडून काढायची.

बोळात एका जागी पाणी झिरपायला लागलं म्हणून तिने प्लंबरला बोलावलं. त्याने बॅटरी मारून वर पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"ताई, हे वेष्टण कोणी केलंय?"

"माझ्या बाबांनी. का? पक्कं झालंय ना?"

"पक्कं झालंय, पण हे ॲस्बेस्टॉस दिसतंय. मी हात लावणार नाही. तुम्हीही लावू नका. आणि झाडू तर मुळीच मारू नका इथे, याची धूळ छातीत बसते."

झाडू नेमका ताईच्या हातात होता. तो कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

प्लंबरने ज्याचा नंबर दिला तो माणूस हेच काढण्याचं काम करायचा. बुटका, दाढी गुळगुळीत केलेला, शब्द मोजून बोलणारा. त्याच्या हाताखालची माणसं त्याला मुकादम म्हणत, म्हणून ताईही तेच म्हणू लागली. त्याने मास्क लावून, पाण्याचा फवारा मारून लेपाचा नखाएवढा तुकडा तपासणीला नेला आणि पुढच्या आठवड्यात फोन केला. प्लंबरचा अंदाज बरोबर होता.

"काम चालू असेल तोवर तुम्ही दुसरीकडे राहायला जा," मुकादम म्हणाला.

"कुठे?"

"कोणाकडेही. बहीण असेल, भाची असेल, एखादी मैत्रीण."

"तसं कोणी नाही," ताई म्हणाली. अमुक नंबर अस्तित्वात नाही, असं एक्स्चेंजमध्ये ज्या आवाजात सांगायची, अगदी त्याच आवाजात.

मुकादमाने पुन्हा विचारलं नाही. तो घरभर फिरला, दारं उघडून-मिटून पाहिली. मागच्या भागाला वेगळं दार होतं. बोळाचं आतलं दार पक्कं बंद केलं तर पुढची खोली आणि स्वयंपाकघर तोडून वेगळं काढता येणार होतं. "दिवसा आम्ही आत असताना तुम्ही बाहेर अंगणात बसायचं. संध्याकाळी हवा तपासून मी सांगेन, मगच आत यायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं," ताई म्हणाली. खरं तर तिला आत कुठेतरी उत्सुकताच वाटत होती. घरात माणसं येणार होती.

माणसं म्हणजे दोनच, मुकादम आणि त्याचा मेहुणा. त्यांनी बोळाच्या दारावर प्लॅस्टिकचे दोन पडदे लावून कडा पट्टीने चिकटवल्या. मागच्या दाराबाहेर आंघोळीचा एक छोटा तंबू उभा केला. हवा आतून ओढून गाळून बाहेर टाकणारं यंत्र घरघरायला लागलं, तसं प्लॅस्टिक आतल्या बाजूला फुगलं. दोघे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडावर मोठाले मास्क. ओळखायचे कसे? पण ताईला चेहऱ्यांशी कधीच कर्तव्य नव्हतं. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं. मुकादम थकला की वाक्याचं शेपूट गिळतो. मेहुणा काम करताना स्वतःशीच गुणगुणतो, आणि मुकादम ओरडला की अर्ध्या सुरावर थांबतो.

ती अंगणात खुर्ची टाकून बसायची. आतून फवाऱ्याची फुसफुस, मग ओला लेप सुटल्याचा थबथब आवाज. आधी भिजवायचं, मुरू द्यायचं, मगच सुरी लावायची. कोरडं कापलं की धूळ उडते आणि ती धूळ डोळ्याला दिसतही नाही. निघालेला लेप एका पिशवीत, ती पिशवी पुसून दुसऱ्या पिशवीत. तंबूत आंघोळ करून दोघे बाहेर आले की त्यांच्या गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे लाल वळ असायचे. ताईने कोपऱ्यावरच्या दुकानातून चहा आणून थर्मासमध्ये भरून ठेवलेला असायचा.

"या कामापायी माझी मिशी गेली," मेहुणा एकदा म्हणाला. "मास्क गालाला चिकटून बसायला हवा ना. ही अशी झुबकेदार मिशी होती. बायको म्हणाली, मी लग्न मिशीशी केलं होतं, हा कोण आणलात घरात?"

"आणि मला म्हणते, माझ्या नवऱ्याची मिशी तूच खाल्लीस," मुकादम म्हणाला. "सख्खी बहीण माझी."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मुकादमाने लगेच तिच्याकडे निरखून पाहिलं.

"खोकला नेहमीचा आहे?"

"छे हो. हसायची सवय मोडलीय, एवढंच."

"तुमचे बाबा कशाने गेले?"

"छातीने. शेवटी शेवटी दोन पावलं चालले तरी धाप लागायची. सगळे म्हणायचे, सिगारेट. बाबा म्हणायचे, मी जन्मात ओढली नाही. कोणाचा विश्वास बसायचा नाही." कपातला चहा तिने उगाच हलवला. "मीसुद्धा त्यांच्या सदऱ्याचा वास घेऊन बघायचे. धुवायला टाकण्याआधी. लपून ओढत असतील असं मलाही वाटायचं."

मेहुण्याने मान खाली घातली. मुकादमाने कप खाली ठेवला.

"नव्हते ओढत, ताई," तो म्हणाला. "बॉयलरवर काम होतं ना? नव्हते ओढत."

त्या संध्याकाळी ताईने रोजच्यासारखा बाबांचा फोटो पुसला नाही, ती त्यांच्याशी बोललीही नाही. तिला त्यांच्यासमोर उभं राहायचीच लाज वाटली. ती पुढच्या खोलीत बसून राहिली आणि प्लॅस्टिकपलीकडचं यंत्र घरघरत राहिलं. ते रात्रभर चालू ठेवावं लागतं, असं मुकादम म्हणाला होता. तिला त्या आवाजाने उलट शांत झोप लागली.

आठवडा संपला. आतला कोपरा न् कोपरा ओल्या फडक्यांनी पुसून झाला. हवेची तपासणी झाली, तीत काही सापडलं नाही. पडदे निघाले, तंबू निघाला. नळ्यांवर आता करड्या रबराचं नवं आवरण होतं. जाण्यापूर्वी मुकादम हात धुवायला स्वयंपाकघरात आला आणि शेगडीमागच्या भिंतीकडे बघत राहिला. तिथे आच लागू नये म्हणून बाबांनी सिमेंटचा एक सपाट पत्रा बसवलेला होता, वरून रंग दिलेला.

"हाही त्यातलाच," मुकादम म्हणाला.

"मग हाही काढायचा?" ताईने विचारलं. आवाजात आनंद होता, तो तिलाच ऐकू आला.

"नाही. हा धड आहे. रंग शाबूत, कुठे तडा नाही. धड असलेल्याला छेडायचं नसतं. खिळा ठोकायचा नाही, घासायचा नाही, भोक पाडायचं नाही. वर्षातून एकदा नजर टाकायची. बस."

गाडी गेली. घरात अशी शांतता पसरली की नळातून पडणारा थेंबही दचकवून जाईल. पण थेंबही पडत नव्हता, लेप निघाल्यावर प्लंबरने येऊन नळी आणि नळ दोन्ही नीट केलं होतं.

ताईने स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. मग एक दिवस तिने मुकादमाला फोन केला, नळीतून आवाज येतोय म्हणून. त्याने शांतपणे सांगितलं, गरम पाणी सुटलं की नळी वाजतेच. चार दिवसांनी तिला मागच्या खोलीत वास आला. त्याने सांगितलं, नव्या रबराचा असेल, खिडकी उघडा. तिसऱ्या वेळी फोन मेहुण्याने उचलला. "तो आत आहे ताई, कामावर. काही निकडीचं आहे का?" मागून यंत्राची घरघर ऐकू येत होती. दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली. "नाही, निकडीचं नाही," ती म्हणाली आणि मनातल्या मनात तिने कानाला खडा लावला.

तो खडा फार दिवस टिकला नाही.

त्या दुपारी तिला कॅलेंडर टांगायचं होतं. घरात भिंती कमी नव्हत्या. पुढच्या खोलीत एक रिकामा खिळासुद्धा होता. तरी ती कॅलेंडर, हातोडी आणि खिळा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीमागच्या पत्र्यासमोर उभी राहिली. आपण काय करतोय हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिने खिळा टेकवला. दोन घाव बसले, तिसऱ्याला पत्र्याचा कोपरा काडकन मोडून ओट्यावर पडला. पांढरी पूड शेगडीवर, तव्यावर, तिच्या बाहीवर उडाली.

ती श्वास रोखून मागे सरली, दार ओढून घेतलं, टॉवेल भिजवून दाराच्या फटीला लावला आणि फोन केला.

"मुकादम, तो पत्रा तुटला. आपोआप."

"तुम्ही आहात कुठे? दार बंद आहे? कपड्यांवर काही उडालं?"

"बाहीवर."

"झटकू नका. ओल्या फडक्याने पुसा, कपडे हळूच उतरवून पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा. डोक्यावरून आंघोळ करा. स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. मी निघालो."

तो आला. पोशाख चढवून, मास्क लावून एकटाच आत गेला. काही वेळाने धुऊन-पुसून बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आत हातोडी पडलीय," तो म्हणाला. "खिळा अजून भिंतीत आहे."

ताई अंगणातल्या खुर्चीकडे बघत राहिली.

"मी काय सांगितलं होतं? अगदी या शब्दांत सांगितलं होतं, खिळा ठोकायचा नाही. लोक न कळता करतात, त्यांचं मी समजू शकतो. तुम्हाला तर सगळं माहीत होतं! तो पत्रा तुम्हाला काही करत नव्हता, ताई. तुमच्यानंतरही तसाच राहिला असता. का केलंत?"

कॅलेंडरचं कारण ओठांवर आलं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजातली थाप ओळखलेल्या बाईला स्वतःच्या आवाजाचा भरवसा वाटला नाही.

"तुम्ही परत यावंत म्हणून," ती म्हणाली.

मुकादम पायरीवर बसला. हाताच्या पंजांनी त्याने दोन्ही गाल चोळले. तो आणखी रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

"मी आलो असतो," तो अगदी हळू म्हणाला. "नुसतं 'चहाला या' म्हणाला असतात तरी."

"आला असतात?"

खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "कधीतरी आलो असतो. रोज नाही."

ताईने मान हलवली. तिलाही तेच वाटत होतं.

"मला आता काही होईल का?"

"एकदाच उडालेल्या एवढ्याशा धुळीने बहुधा काही होत नाही. वर्षानुवर्षं छातीत जाते तिची भीती जास्त. पण होणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि तुम्ही तर रोज तो भुगा झाडत होतात. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगून ठेवा." तो उठला. "आणि या वेळी अंगणात बसून चालणार नाही. स्वयंपाकघर घराच्या मधोमध आहे. तुम्हाला दुसरीकडे जावंच लागेल. कोणीतरी एक माणूस असेलच की. आठवा."

ताईने आठवलं. म्हणजे तशी ती विसरलेली नव्हतीच. एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसायची. तिथे मुली एकमेकींना बोर्डाच्या आकड्याने हाक मारत. ती सात नंबर, ताई आठ नंबर. सात नंबरचा आवाज एवढा गोड की लोक चुकीचा नंबर लागला तरी माफी मागायचे. निवृत्तीनंतर ती मुलाकडे राहायला गेली. सुरुवातीला तिचे फोन यायचे. तेव्हा बाबा आजारी होते, ताई "मग करते" म्हणायची आणि तो "मग" कधी उगवला नाही. नंतर इतका उशीर झाला की फोन करायचाही संकोच वाटायला लागला.

नंबर मात्र पाठ होता. फोन एका तरुण बाईने उचलला, सात नंबरची सून. ताईने ओळख सांगून, काही दिवस राहायला येऊ का म्हणून विचारलं.

"आठ नंबर?" सून म्हणाली. "अहो, तुमच्याबद्दल किती ऐकलंय! या की, हवे तितके दिवस राहा. फक्त... आईंना आता ऐकू येत नाही. अजिबातच नाही. फोनवर बोलता यायचं नाही त्यांना."

ताई एक पिशवी घेऊन त्याच संध्याकाळी गेली. सात नंबर खिडकीशी बसली होती. केस पांढरे, बाकी तीच. ताईला पाहून तिने दोन्ही हात पुढे केले आणि बोलायला लागली. तो गोड आवाज गेला होता. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्याने ती एकसुरी, कर्कश बोलत होती, मध्येच फार मोठ्याने.

"म्हातारी झालीस गं!" ती ओरडली.

"तूही," ताई म्हणाली. सात नंबर तिच्या ओठांकडे बघत राहिली. ताईने पुन्हा सांगितलं, मग आणखी सावकाश, ओठ पूर्ण उघडून. सात नंबरला ते समजलं तेव्हा ती खो-खो हसली.

ते दिवस असेच गेले. ताईला खूप सांगायचं होतं. बाबांचं, सदऱ्याच्या वासाचं, हातोडीचं. पण ओठांवरून वाचता येईल असं बोलायचं म्हणजे शब्द थोडे आणि सोपे लागतात. "बाबा. सिगारेट नव्हती. धूळ होती," एवढं सांगायला तिला अर्धी दुपार लागली. सात नंबरला कितपत कळलं कोण जाणे. तिने ताईचा हात हातात घेतला आणि आपल्या सुनेबद्दल काहीतरी तक्रार सुरू केली, सून शेजारीच उभी असताना, आख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सून कणीक मळता मळता हसत होती.

काम झाल्याचा मुकादमाचा निरोप आला तशी ताई घरी परतली. त्याने तिला घर फिरवून दाखवलं. शेगडीमागे आता नवं, ओलसर प्लॅस्टर होतं. हवा स्वच्छ होती, तसा कागद त्याने टेबलावर ठेवला. तवा, पातेली पुसून परत दिली. लाकडी पोळपाट, फडकी आणि कापडी पिशव्या मात्र पिशव्यांत बांधून नेल्या होत्या, कारण त्यांत शिरलेली धूळ निघत नाही.

"आता या घरात काही उरलेलं नाही," मुकादम म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

या वेळी मुकादम आणि मेहुणा दोघांनी चहा घेतला, तो ताईने स्वतः केला, नव्या भिंतीसमोर उभं राहून. मेहुण्याने दोन बिस्किटं जास्त खाल्ली. मग गाडी गेली. पुढे मुकादम एकदाच आला, जवळच काम निघालं होतं तेव्हा, आणि उभ्याउभ्याच विचारपूस करून गेला. ताईने त्याला फोन केला नाही. हात फोनकडे गेला नाही असं नाही, पण केला नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, आत्ता तरी काही दिसत नाही, दरवर्षी येत जा, असं सांगितलं. ताई म्हणाली, येईन.

सात नंबरकडे ती अधूनमधून बसने जायला लागली. तिला आपल्याकडे आणावं असं ताईच्या फार मनात होतं, पण सात नंबरला घराबाहेर पडायची भीती वाटायची, मागून येणारी गाडी कळत नाही म्हणून. तेव्हा ताईच जायची. एका दुपारी ती पोचली तेव्हा सात नंबर खिडकीशी खुर्चीतच झोपली होती. सून म्हणाली, उठवू का? ताईने मानेनेच नको म्हटलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सात नंबरला त्यातलं काही ऐकू आलं नाही, ती आपली झोपेतच होती. ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर आलं, मग खाली फरशीवर सरकलं.

जाग आली तेव्हा तिने दचकून शेजारी पाहिलं. "कधी आलीस गं?" ती ओरडली.

"आत्ताच," ताईने ओठ सावकाश हलवून सांगितलं.